डोक्यावरचे केस आणि बुटातला अंगठा

ज्या वर्षी आमच्या ह्यांचे केस गळले, त्या वर्षी सांगलीपासून खंडाळ्यापर्यंतच्या झाडून सगळ्या नातेवाइकांनी मला एकच प्रश्न विचारला. "त्यांना जेवायला घालता की नाही?" कुणी हसत विचारला, कुणी डोळे बारीक करून विचारला. एका चुलतसासूबाईंनी तर माझ्याकडे पाठ करून भिंतीला विचारला. ह्यांना स्वतःला मात्र कुणी काही विचारलं नाही. पुरुष वाळला की जाब बायकोनं द्यायचा, असंच सगळे धरून चालले होते.

मी तेव्हा सांगलीत मुलींच्या एका वसतिगृहाचं कोठीघर सांभाळत होते. ज्वारी किती आली, डाळ किती उरली, रॉकेल कधी संपणार, याच्या याद्या करणं हे माझं काम होतं आणि स्वभावही. घरातसुद्धा यादीशिवाय माझं पान हलत नाही. एवढ्या पोरींची ताटं वेळच्या वेळी वाढणारी बाई घरातल्या एका माणसाला उपाशी ठेवेल, असं लोकांना वाटावं, याचा मला आजही संताप येतो.

हे पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आले आणि एका साखर कारखान्याच्या गेटवर रखवालीला लागले. चाळिशी नुकती उलटली होती. केस दाट, काळेभोर, मागे वळवलेले. मिशी जाड, टोकं वर. खिशात कंगवा कायम. उसाची गाडी गेटवर आली की आधी कंगवा फिरायचा आणि मग साखळी उघडायची. कारखान्यातली पोरं त्यावरून थट्टा करायची आणि ह्यांना ती आवडायची.

दिवाळीच्या सुमाराला नवा बूट चावला. डाव्या पायाच्या अंगठ्याला फोड आला, फुटला, जखम झाली. हळद लावली, झेंडूचा पाला चोळून लावला, खोबरेल लावलं. जखम काही बुजेना. कडा काळपट दिसायला लागल्या तेव्हा मी रजा टाकली आणि ह्यांना मिरजेला नेलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी पाय पाहिला, रक्त-लघवी तपासली आणि सांगितलं, "साखर आहे. चांगलीच आहे. ती खाली आली तर जखम भरेल. नाही आली तर अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावर थांबेल असं मी म्हणत नाही." हे खुर्चीत ताठ बसले होते, साहेबापुढे बसल्यासारखे. बाहेर पायरीवर आल्यावर म्हणाले, "पायाचं कुणाला सांगायचं नाही."

"का बरं?"

"गेटवर लंगडा माणूस ठेवत नाहीत. आणि गावाकडं तर मुळीच नाही सांगायचं."

मी सांगितलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला त्याचीही बोलणी खावी लागली.

घरी येऊन मी यादी केली आणि खळीनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवली. बंद काय: साखर, गूळ, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा, रताळं, केळी. मोजून काय: भाकरी, एका जेवणाला अर्धी. पोटभर काय: मेथी, शेपू, दोडका, वांगं, काकडी, अंडी, ताक, रविवारी मटण. ही यादी डॉक्टरांची होती, मी फक्त अक्षर नीट काढलं. तिच्यात दोन्ही वेळची अर्धी-अर्धी भाकरी होती, आणि मी ती रोज ताटात वाढत होते.

ते ती उचलून परत टोपलीत ठेवायचे.

"डॉक्टरांनी अर्धी सांगितलीय," मी म्हणायची.

"डॉक्टर मवाळ माणूस आहे. बंद म्हणजे बंद. अर्धं-मुर्धं आपल्याला जमत नाही."

"मग भाकरीच्या जागी दुसरं काही तरी जास्त खा. एक अंडं जास्त घ्या."

"रोज कोण अंडी खातं? आजारी आहे का मी?"

आता ह्यावर काय बोलायचं? पलटणीत शिकलेला माणूस. पुढच्या झाडापर्यंत जा म्हटलं की हा डोंगर चढून पलीकडे उतरणार. दोन वाट्या पालेभाजी आणि पेलाभर ताक यावर त्यांनी हिवाळा काढला. उठताना खुर्चीला हात धरायला लागले तरी कबूल करायचे नाहीत.

रोज सकाळी मागच्या दारी मी तपासणी करायची. औषधाच्या दुकानात एक निळं पाणी मिळायचं. काचेच्या नळीत ते थोडं घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्टोव्हवर चिमट्यानं धरून उकळायचं. निळंच राहिलं तर उत्तम. हिरवं, पिवळं, नारिंगी अशी साखर चढत जायची आणि शेवटी विटकरी. सुरुवातीला विटकरी आलं. मग नारिंगी, मग हिरवट, आणि संक्रांतीच्या आसपास एका सकाळी नळी निळीची निळीच राहिली. अंगठ्याच्या कडेला गुलाबी मांस धरायला लागलं होतं. मी मनातल्या मनात पेढे वाटले. खरे वाटता येत नव्हते, ते यादीत नव्हते.

आणि तेव्हाच केस गळायला लागले.

आधी कंगव्यात. मग उशीवर, मग न्हाणीच्या मोरीत पुंजके. कपाळ मागे सरकलं. भांग पाडला की मधली कातडी दिसायला लागली. मिशी विरळ झाली, टोकं खाली आली आणि जी राहिली ती पांढरी. गालफडं बसली, मानेची कातडी लोंबायला लागली, डोळ्यांखाली सुरकुत्यांची जाळी. दिवाळीला चाळिशीचा दिसणारा माणूस शिमग्याला साठीचा दिसायला लागला. गेटवरची पोरं थट्टा करायची थांबली. ह्यांना ते थट्टेपेक्षा जास्त लागलं.

शेजारच्या बाईंनी मला नळावर गाठून सांगितलं, "फुफ्फुसाचा फोटो काढून घ्या हो. असं वाळणं बरं नव्हे." वसतिगृहातल्या स्वयंपाकिणीनं विचारलं, "बाई, साहेबांचं आन तुमचं भांडान झालंय का?" मी प्रत्येकाला सांगत होते, साखर आहे, पथ्य आहे. लोक मान हलवायचे आणि पुढचं वाक्य भाकरीचं असायचं. नळी निळी झाली हे कुणाला सांगणार? लघवीच्या गोष्टी काय चारचौघांत बोलायच्या? अंगठा बुटात होता. केस मात्र सगळ्यांना दिसत होते.

चैत्रात ह्यांच्या गावची जत्रा. गाव साताऱ्यापुढच्या खंडाळ्याच्या अंगाला, आणि ह्यांची धाकटी बहीण त्याच गावात दिलेली. आम्ही सांगलीहून एसटीनं निघालो. कऱ्हाडला गाडी बदलली, तिथे गर्दी होती. कंडक्टर भला माणूस होता. त्यानं एका पोराला उठवलं आणि मला म्हणाला, "ओ ताई, वडलांना हितं बसवा. खिडकी लावून घ्या, वारं बाधंल म्हातारबाला."

मी त्याला दुरुस्त करायला तोंड उघडलं. ह्यांनी माझा हात दाबला आणि खिडकीशी बसले. साताऱ्यापर्यंत कंगवा काढला नाही.

गावात पोचलो तर वन्सं दारातच उभ्या. भाऊ दिसताच त्यांनी तोंडाला पदर लावला.

"दादा, आरं काय ही तुजी दशा! कुनी वळखंल का तुला?"

"बरा आहे मी."

"बरा हाय म्हनं! आरशात बगतोस का न्हाई?" मग माझ्याकडे वळून, "वैनी, तुमच्यात भाकरी थापत न्हाईत व्हय?"

"थापते. हे खात नाहीत. ह्यांना साखर झालीय, वन्सं."

"साखर काय रोग हाय व्हय? लोकं साखरंसाठी रेशनला रांगा लावत्यात."

ताटं वाढली. वन्संनी ह्यांच्या ताटात बाजरीची अख्खी भाकरी टाकली, ह्यांनी ती परत केली. चुलत्यांनी, म्हणजे माझ्या चुलतसासऱ्यांनी, घास खाली ठेवला.

"गड्या, दुष्काळात आमी रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. जनावरं तोंड लावत नव्हती तिला. तिला बी न्हाई म्हनलो न्हाई. आन तू बाजरीच्या भाकरीला न्हाई म्हंतोस? सांगलीचं पानी लागलं व्हय रं?"

हे मान खाली घालून आमटी प्यायले. मला चुलत्यांचा राग आला नाही. त्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं ती. त्यांच्या पंगतीत भाकरी नाकारणं म्हणजे काय, हे मलाही कळत होतं. राग आला तो ह्याचा, की सगळ्यांच्या नजरा फिरून शेवटी माझ्यावर. मी काय कुणाच्या तोंडातली भाकरी काढून घेतली होती? तरी मी "पायाला जखम आहे" असं म्हणाले नाही. शब्द दिला होता.

परत आलो आणि तिसऱ्या-चौथ्या सकाळी नळी हिरवी झाली. मग पिवळी. पुढच्या आठवड्यात विटकरी. अंगठ्यातून पुन्हा पाणी यायला लागलं. मिरजेला गेलो तर डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "काही तरी पोटात जातंय, बाई. नीट लक्ष ठेवा."

पुन्हा मीच!

मी कोठीघरात चोरी शोधायची त्याच पद्धतीनं कामाला लागले. एकेक जिन्नस वेगळा काढायचा. आधी निळ्या पाण्यावर शंका घेतली. माझीच लघवी तपासली, निळी राहिली, म्हणजे पाणी चांगलं होतं. मग दूध बंद केलं. मग कांदा बंद केला. शेंगदाणे कुलपात ठेवले. गेटसमोरच्या चहावाल्याकडे स्वतः जाऊन उभी राहिले.

"वैनी, देवाशपथ बिनसाखरेचा देतो. प्यायल्यावर त्येंचं तोंड बगवत न्हाई, पर देतो."

नळी विटकरीच.

वैशाखात मी दर वर्षी लोकरीचे कपडे उन्हात टाकते. ह्यांची पलटणीची ट्रंक उघडली, घोंगडी उचलली, आणि खाली जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली चिनी मातीची बरणी. तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला. मोरावळा. निम्म्याहून जास्त संपलेला. बाजूला चमचा, पुसून ठेवलेला.

मी ती बरणी दोन्ही हातांनी धरून ओसरीवर आणली आणि ह्यांच्यासमोर ठेवली. "हे काय आहे?"

"औषध आहे." शांतपणे. लपवाछपवी सापडल्याचं काही नाही. "बहिणीनं दिलंय. केसांसाठी. सकाळी दोन, रात्री दोन, वरनं चमचाभर पाक."

"ह्यात साखर किती आहे?"

"साखर नाही. आवळा आहे तो."

"आणि पाक कशाचा?"

त्यांनी बरणी जवळ ओढून आत निरखून पाहिलं. मला आधी वाटलं, मुद्दाम करतायत. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लक्षात आलं, की ह्या माणसानं खरोखरच तसा विचार केला नव्हता. आपल्याकडे मोरावळा औषधाच्या फळीवर असतो. बाळंतिणीला देतात, पित्ताला देतात, केस काळे राहावेत, म्हातारपण लांबावं म्हणून देतात. लाडू गोड, जिलबी गोड, मोरावळा औषध. माझ्या यादीतसुद्धा तो नव्हता. बटाट्यापर्यंत सगळं लिहिलं होतं आणि साखरेत बुडवलेलं फळ लिहायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, ना माझ्या, ना मिरजेच्या डॉक्टरांच्या.

"औषध होतं तर ट्रंकेत का ठेवलंत?"

"तू हसली असतीस. चाळिशीत केसांना औषध खातो म्हणून."

"अंगठा जाईल, अहो! केसांपायी पाय घालवाल!"

त्यांनी बरणीचा दादरा हळूहळू परत बांधला. गाठ मारली. मग म्हणाले, "त्या कंडक्टरनं मला तुझा बाप म्हटलं."

मी आत जाऊन दुसऱ्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला.

दुसऱ्या दिवशी बरणी पिशवीत घालून आम्ही मिरजेला गेलो. डॉक्टरांनी दादरा उघडून आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग ह्यांना विचारलं, "भाकरी किती खाता?"

"बंद आहे."

"मी अर्धी सांगितली होती."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी अजून तसंच्या तसं सांगू शकते. भाकरी कमी केली म्हणून केस गेले नाहीत. भाकरी पार बंद करून तिच्या जागी काहीच खाल्लं नाही, अंगावरचं मांस झपाट्यानं उतरलं, म्हणून गेले. शरीराला उपासमार झाली की ते आधी केसांचा खर्च बंद करतं, आणि ते दोन-तीन महिन्यांनी दिसतं. त्यामुळे माणूस भलत्याच गोष्टीला दोष देतो. शिवाय साखर चढलेली राहिली तर कातडी आणि केस त्यानंही बिघडतात. अर्धी भाकरी खा, अंडी खा, डाळ-उसळ खा, वजन थांबलं की बरेचसे केस परत येतील. आवळा खायचा तर कच्चा, मीठ लावून.

"आणि हे पांढरे?" ह्यांनी विचारलं. त्यांना एवढं हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"ते काळे होणार नाहीत. गाल थोडे भरतील. पण आधी जेवढे होते तेवढे भरू देऊ नका. त्या गालांनी तुमचं वय झाकलं होतं आणि साखरही."

त्या रात्री त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. एकेक तुकडा मोडून, मेथीबरोबर, खूप वेळ.

श्रावण सरता सरता जखम भरली. अंगठा राहिला. नख वाकडं, काळसर आलं आणि अजून तसंच आहे. दसऱ्याच्या सुमाराला कपाळाच्या कडेनं बारीक केस उगवले, लहान बाळाच्या जावळासारखे मऊ. ते रोज सकाळी आरशात बघायचे, मी रोज सकाळी नळी बघायची. दोघांचंही बरं चाललं होतं.

पुढच्या चैत्रात पुन्हा जत्रेला गेलो. वन्सं दारातच होत्या. ह्यांचं डोकं बघितलं आणि टाळीच वाजवली.

"बगा! आलं का न्हाई क्यास? म्या म्हनलं हुतं! मोरावळ्याचा गुन हाय त्यो!" आणि आत वळून हाक दिली, "आवं मामंजी, बगा दादाकडं! यंदा बी बरनी भरून ठिवलीया म्या!"

वन्संचे सासरे बाहेर आले, शेजारच्या बायका आल्या, चुलते काठी टेकत आले. सगळ्यांनी ह्यांच्या डोक्याची पाहणी केली आणि वन्संच्या हाताला गुण आहे यावर एकमत झालं. वर्षभर अर्ध्या भाकऱ्या मोजणारी मी, स्टोव्हवर नळ्या धरून बोटं भाजून घेणारी मी, दाराशी चपला काढत उभी होते. बसा असंसुद्धा अजून कुणी म्हटलं नव्हतं.

मग मात्र मी बोलले.

"वन्सं, त्या बरणीनं ह्यांचा अंगठा जाणार होता."

"काय म्हनता, वैनी?"

"पाकात साखर असते. ह्यांची जखम चिघळली त्यानं. डॉक्टर कापायचं म्हणत होते."

वन्संचा चेहरा उतरला. "म्या सख्ख्या भावाला इख घातलं व्हय?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, आता हे नेहमीप्रमाणे बरा आहे म्हणतील आणि मी खोटी पडेन. पण ते ओसरीवर बसले, बुटाची नाडी सोडली, मोजा काढला आणि पाय सगळ्यांच्या समोर फरशीवर ठेवला. वाकडं नख, बाजूची चकचकीत नवी कातडी, जिथं मांस भरून आलं ती खोलगट जागा.

"वहिनी खरं बोलतीय," ते बहिणीला म्हणाले. "हिनं वाचवला."

वन्सं खाली बसल्या. त्यांनी अंगठ्यावरून बोट फिरवलं, दुखेल की काय अशा बेतानं. मग डोळे पुसून त्या ताडकन माझ्याकडे वळल्या.

"एवडं झालं हुतं आन तुमी सांगितलं न्हाई? वैनी, आवं सांगायचं न्हाई व्हय? आमी काय परकी हाव?"

घ्या. जेवायला घातलं नाही ते माझं, सांगितलं नाही तेही माझं. ह्यांच्याकडे पाहिलं तर ते मोजा चढवण्यात गुंग. पायाचं कुणाला सांगायचं नाही हा हुकूम कुणाचा होता, ते काही त्यांच्या तोंडून बाहेर येईना. तेवढं धैर्य त्या दिवसापुरतं संपलं असावं.

जेवायला बसलो. वन्संनी भाकरी घेतली, मधोमध मोडली, अर्धी ह्यांच्या ताटात ठेवली आणि चुलत्यांकडे बघत मोठ्यानं म्हणाल्या, "दादाला आर्धीच. त्येला साखर हाय." चुलत्यांनी आपल्या भाकरीचा तुकडा मोडला. उरलेली अर्धी वन्संनी माझ्या ताटात ठेवली आणि ठेवताना त्यांची नजर माझ्या भांगावर थांबली.

"वैनी, तुमचं बी क्यास लय गेल्यात की. आन ह्ये कवा पिकलं?"

कवा? मला आठवतंय कवा. जे वर्ष-सव्वा वर्ष सगळे ह्यांचं डोकं बघत होते, तेव्हा. माझ्या वेणीचं शेपूट झालं होतं, कानामागे पांढरी पट्टी आली होती, आणि हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मीही कुठल्या यादीत लिहिलं नव्हतं.

निघताना वन्संनी ती भरलेली बरणी माझ्या हातात दिली. "दादाला चालत न्हाई तर तुमी खावा. तुमाला तर साखर न्हाई न्हवं?"

"नाही," मी म्हटलं.

मी बरणी घेतली. एसटीत ती मांडीवर धरून बसले, सांडू नये म्हणून. कऱ्हाड आलं तेव्हा हे म्हणाले, "घरी गेल्यावर कुलपात ठेव ती."

"ठेवणारच आहे," मी म्हटलं, आणि दादरा सोडून पहिला आवळा तिथेच, त्यांच्यासमोर खाल्ला.